सुमनच्या वतीने

जे पुढे लिहीत आहे ते मी आजवर कोणासही सांगितलेले नाही. पत्नीस नाही, मुलास नाही. शेवटच्या आजारपणात आईने हात धरून ‘तुझ्या मनात काय सलतंय रे?’ असे विचारले, तेव्हा तिलाही नाही. मग तुम्हांलाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा ओळखत असाल, तर ऐकून घेऊन गप्प बसणाऱ्या मित्राच्या जागी मी तुम्हांला धरले आहे म्हणून असेल.

प्रथम माझी ओळख देतो. मोखाड्याला तहसील कार्यालयाच्या बाहेर, ताडपत्रीच्या सावलीत टेबल-खुर्ची टाकून मी बसतो. अर्जनवीस. शिक्षण नववी; दहावी झाली असती, पण ते असो. गेली अनेक वर्षे या तालुक्यातल्या माणसाला सरकारशी काही बोलायचे असेल तर तो आधी माझ्याशी बोलतो. आता संगणकवाली पोरे आली, ऑनलाइन आले, तरीही नीट शब्दांत काही मांडायचे असेल तर लोक माझ्याकडेच येतात. मला भाऊसाहेब म्हणतात. म्हणजे, बहुतेक जण म्हणतात.

माझ्या कामाची रीत तुम्हांला सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. माणूस समोर उकिडवा बसतो आणि आपल्या बोलीत गाऱ्हाणे सांगतो. कोणी पाड्यावरच्या भाषेत, कोणी ठाण्याच्या कंपनीतून उचलून आणलेल्या हिंदीत. तो चार शब्द बोलतो. मी त्याचा पानभर मजकूर करतो. त्याने जे म्हटले ते लिहितोच, आणि जे म्हणायला हवे होते तेही लिहितो. मग मोठ्याने वाचून दाखवतो. माणूस मान हलवतो, म्हणतो, “हा भाऊसाहेब, मला ह्येच बोलायचं होतं.” आणि अंगठा उमटवतो. वर्षानुवर्षे हे वाक्य कानावर पडले की काय होते, ठाऊक आहे? वाटू लागते की समोरच्याला काय म्हणायचे आहे ते त्याच्यापेक्षा आपल्यालाच अधिक कळते. हा आमच्या धंद्याचा आजार आहे.

परंतु थांबा. मी धंद्याच्या आड लपू पाहतो आहे. सुमनच्या बाबतीत जे केले ते मी सवयीने केले नाही. मला तिचे म्हणणे नीट कळले होते. शब्दन्‌शब्द कळले होते.

सुमन माझी धाकटी बहीण. आमचे घर पोशेऱ्याचे. डोंगरउताराची शेती, वरकस म्हणजे हलक्या जमिनीत नागली-वरई, खाचरात भात. बाप लवकर गेला. मी शाळा सोडली ती त्यामुळे, असे मी लोकांना सांगत आलो. सुमन मात्र आश्रमशाळेत राहून शिकली, नर्सिंगचे केले आणि आमच्याच तालुक्यात आरोग्य उपकेंद्रावर कंत्राटी सिस्टर म्हणून लागली. खांद्याला लसीचा डबा लावून पाड्यापाड्याने हिंडायची. पावसात ओढे ओलांडून बाळंतिणीकडे जायची. पगार मोठा नव्हता. पण दर महिन्याला यायचा, आणि आमच्या घरात दर महिन्याला येणारी ती पहिली गोष्ट होती.

तिचे लग्न दाभोशाच्या केशवशी झाले. जव्हार तालुक्यातले, नदीकाठचे गाव. भाताची चांगली जमीन. केशव शांत स्वभावाचा. शेती करायचा आणि मोकळ्या हंगामात वाडा तालुक्यातल्या कारखान्यांत मजुरीला जायचा. लग्नात नोकरीची चर्चा झाली नाही. कोणालाच तिची गरज वाटली नाही. मग व्हायचे ते झाले. उपकेंद्र इकडे, सासर तिकडे. आठवडाभर ती पोशेऱ्यास आमच्याकडे राही आणि सुटीच्या दिवशी जीप बदलत दाभोशाला जाई. तिथे पोचली की आठवड्याचे धुणे, जळण, सासूचे अंग चोळणे. तिच्या सासूला अर्धांगवायू झाला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा परत. जावा हसत, “पाव्हणी आली गं, पाट मांडा!” सुमन आम्हांला हे हसत हसत सांगे. ती दमलेली असे. पण तक्रार तिने कधी केली नाही. त्या वर्षी आवणीला, भाताच्या लावणीला, हात कमी पडले, रोपे खाचराबाहेरच पिवळी पडली, आणि दाभोशाहून निरोप आला की बैठक घ्या, एकदा काय ते ठरवू.

बैठक आमच्या घरी ठरली. तुम्हांला आमच्याकडची रीत ठाऊक नसेल, तर सांगतो. दोन्हीकडचे जाणते पुरुष अंगणात बसतात. बाई बैठकीत बसत नाही. तिचे म्हणणे तिच्या वतीने माहेरचा एक माणूस मांडतो. बाप नाही, म्हणून तो माणूस मी. आणि खरे सांगू का? बाप असता तरी लोकांनी मलाच पुढे केले असते. शब्दांचे काम ना!

आदल्या दिवशी सुमन माझ्यासमोर बसली. नागली पाखडत होती. हात थांबला नाही, आवाज चढला नाही. म्हणाली, “दादा, तीन गोष्टी सांग. नोकरी मी सोडणार नाही. पण दाभोशाजवळच्या उपकेंद्रावर बदली मागितली आहे, मोठ्या मॅडम हो म्हणाल्या आहेत. ती होईपर्यंत सासूबाईंकडं बघायला गावातली एक बाई लावू, तिची मजुरी माझ्या पगारातून. आणि आवणीचे दिवस मी रजा टाकून खाचरात उभी राहीन. एवढंच सांग. जास्त काही लावू नको.”

‘जास्त काही लावू नको’ हे तिने मुद्दाम म्हटले. तिला मी ठाऊक होतो.

किती साधे होते ते! एखाद्या अर्जदाराने इतके नेमके सांगितले असते तर माझे काम अर्धे झाले असते. कोणाचा मान दुखावत नव्हता. सासू, शेती, नोकरी, नवरा, सगळे तिने एका सुपात बसवले होते. मी म्हणालो, “तू काळजी करू नको.”

दुसऱ्या दिवशी मंडळी आली. केशव, त्याचे वडील, दोन चुलते, गावचे एक निवृत्त गुरुजी. आमच्याकडून वाडीतले चार जण. घरामागे परसात चुली मांडून बायका स्वयंपाकाला लागल्या होत्या, सुमनही तिथेच. पाहुण्यांसाठी कोंबडी रांधत होती. जिच्या जन्माचा निर्णय व्हायचा ती घराच्या पलीकडे धुरात, आणि मी अंगणात, इस्त्रीच्या सदऱ्यात, मध्यभागी.

चहा झाला. केशवच्या वडिलांनी पागोटे मांडीवर ठेवले. म्हातारा माणूस, शेतकरी, बोलायला कचरणारा. म्हणाले, “पाव्हणं, आमी भांडाया नाय आलो. पोर काय म्हणते तेवढं सांगा. तिच्या मनाचं कळलं का मंग बघू कसं जमवायचं.”

पाहा. वाट मोकळी होती. मला कोणाशी झगडायचे नव्हते, कोणाचे मन वळवायचे नव्हते. मला तीन वाक्ये बोलायची होती.

मी म्हणालो, “सुमन नोकरीचा राजीनामा देईल.”

मग म्हातारबाच चुळबुळ करीत म्हणाले, “सोडाया कुठं सांगितली आमी?” केशवने मान वर करून माझ्याकडे पाहिले. तो काही बोलेल असे मला वाटले, आणि तो बोलण्याच्या आत मी सुरू झालो. केवढे बोललो! स्त्रीचे खरे स्थान, घराण्याची रीत, आजारी सासूची सेवा, चार पैशांसाठी घराचे होणारे हाल. ‘आमची बहीण लग्न करून दिलेल्या घरात नांदेल, हा माझा शब्द.’ निवृत्त गुरुजींनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, “वा! बोलावं तर भाऊसाहेबांनी!” वाडीतल्या माणसांच्या माना डोलल्या. माझ्या छातीत जे फुलले, ते मला आजही आठवते. लाज नव्हती ती. सुख होते.

आणि हेही पुरे नाही. याहून वाईट पुढेच आहे.

मी परसात गेलो. सुमन भाकरी थापत होती. तिने वर पाहिले. तोंडाने विचारले नाही, नुसते पाहिले. मी खांदे पाडले आणि म्हणालो, “फार झगडलो गं. नाहीच ऐकत. नोकरी सोडावी लागेल.”

तिने तव्यावरची भाकरी उलटली. नंतर बोलली ते असे: “तू बोललास ना दादा माझ्यासाठी? मग झालं.” आणि पीठ लागल्या मनगटाने डोळे पुसले. धूर फार होता, असे ती शेजारणीला म्हणाली.

आता तुम्ही विचाराल, हे उघडकीस कसे आले नाही? एवढी माणसे अंगणात होती. होती, खरे आहे. पण त्यांच्या लेखी उघडकीस यावे असे काही घडलेच नव्हते. वाडीतले लोक सुमनला म्हणत, “तुझ्या भावानं मोठ्या मनानं शब्द दिला.” तिला वाटले, सगळ्यांनी घेरले तेव्हा दादाला द्यावा लागला. केशवला वाटले, हा तिचाच निर्णय. भाऊ तिच्या वतीने बोलला म्हणजे तीच बोलली. त्याने पुन्हा कधी विचारले नाही. तिने पुन्हा कधी विषय काढला नाही. नवरा-बायकोच्या मध्ये मी असा एक धोंडा ठेवून दिला की दोघांनाही वाटावे, तो दुसऱ्यानेच ठेवला आहे.

काही वर्षांनी ती मोखाड्याच्या बाजाराला आली होती. माझ्या टेबलाशी बसली. मिरच्या, सुके बोंबील, पोरांच्या चपला, पिशवी पायांशी. कधी नव्हे ती बोलली. तिच्यासोबत लागलेल्या मुली पुढे कायम झाल्या होत्या. ती दुसऱ्याच्या खाचरात मजुरीला जात होती. म्हणाली, “त्याचं काही नाही रे. पण काल ह्यांच्याशी बोलाबोली झाली, तर मला म्हणतात, तूच तुझ्या मनानं सोडलीस! वर हे! ज्यांनी सोडायला लावली तेच!” आणि हसली. कडू हसली. “एवढं एक मला गिळता येत नाही बघ. माणूस वाईट नाही. पण खोटं बोलतो.”

केशव खोटे बोलत नव्हता. हे जगात एकट्या मला ठाऊक होते, आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो. मी काय केले? चहा मागवला. तिच्यासाठी खास, दुधाचा. ती चहा पिऊन जीपकडे गेली आणि मी तिच्या पाठीकडे पाहत बसलो. त्या दिवसापासून एक भला माणूस आपल्याच घरात खोटारडा ठरून जगतो आहे.

आता — का? तुम्ही केव्हापासून हे विचारीत असाल. मीही स्वतःला पुष्कळ कारणे सांगितली. घराची अब्रू. सासरी तुटू नये. आई थकली होती. गुरुजींसारख्या माणसासमोर बहिणीच्या पगाराची गोष्ट कशी काढावी. ही सगळी कारणे मी माझ्याच मनापुढे सुवाच्य अक्षरांत मांडली आणि स्वतःच मंजूर केली. त्यांतले एकही खरे नाही.

खरे कारण इतके क्षुल्लक आहे की ते लिहिताना हात अडखळतो. बैठकीच्या आदल्या महिन्यात मी पोशेऱ्याहून मोखाड्यास निघालो होतो. जीप भरलेली, मागे लोक लोंबकळत होते. मी पुढे गेलो, तर पुढच्या जागेवरच्या माणसाला ड्रायव्हर म्हणाला, “सरक रे, यांना बसू दे. सिस्टरचा भाऊ आहे.” भाऊसाहेब नव्हे. अर्जनवीस नव्हे. सिस्टरचा भाऊ! मागे बसलेल्या बाया आपसांत म्हणाल्या, “हां हां, आपल्या सिस्टरचा भाऊ.” त्यांच्या आवाजात माया होती, मला तिच्यातही डंख लागला. मी त्या जागेवर बसलो. नाकारली नाही. मोखाड्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत होतो, आणि माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती: ही नोकरीत राहिली तर मी मरेपर्यंत हिचा भाऊ राहीन.

बस. एवढेच. माझ्या बहिणीचे सबंध आयुष्य मी तेवढ्यासाठी दुसऱ्या वाटेला लावले. तिच्यावर माझे प्रेम नव्हते का? होते. आहे. म्हणून तर हे अधिक घाण आहे.

दाभोशात तिला अजूनही सिस्टरच म्हणतात. एखाद्या बाईला कळा सुरू झाल्या आणि गाडी यायला उशीर असला की तिलाच बोलावतात. ती हातातले काम टाकून जाते. त्याचे तिला कोणी काही देत नाही. म्हणजे, मी ज्यासाठी हे केले तेही साधले नाही. पण ही तक्रार मी कोणाकडे करू?

तुम्ही म्हणाल, जुनी गोष्ट आहे. जुनी असती तर मी लिहिली नसती. गेल्या महिन्यात जे झाले ते सांगतो आणि थांबतो.

सुमनची मुलगी मनीषा. एसटीत कंडक्टर आहे, जव्हारहून गाडीवर जाते. तिचे मोखाड्याच्या एका दुकानदाराच्या घरी जमत आले होते. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत, प्रश्न नोकरीचा. सुमन माझ्याकडे आली. म्हणाली, “दादा, बैठकीला तू ये. तिच्या वतीनं तूच बोल. माझ्या वेळी तू किती झगडलास ते मी विसरले नाही. तेव्हा ऐकणारे वाईट होते. ही माणसं बरी आहेत.”

काय करायला हवे होते मी त्या क्षणी? तुम्हांला माहीत आहे. मलाही होते. मी म्हणालो, “येतो.”

दाभोशाला ओटीवर बैठक बसली. केशव बाजूला खांबाशी, नेहमीसारखा गप्प. मुलाचा काका मोठा गमत्या, म्हणाला, “पोरगी पहाटेच्या गाडीला गेली तर आमच्या घरात सकाळचा चहा कोण ठेवणार? तेवढं सांगा भाऊसाहेब, बाकी आम्हांला काही अडचण नाही.” सगळे हसले आणि माझ्याकडे पाहू लागले.

मी घसा साफ केला. आणि माझ्या तोंडात काय येत होते, सांगू? ‘नोकरी सोडणार नाही, एवढंच सांगा’ असे मनीषाने मला बजावले होते; ते नव्हे. ‘मुलगी घरच्या सोयीप्रमाणे वागेल’, हे वाक्य आयतेच जिभेवर आले होते. इतक्या वर्षांनंतर, इतक्या पश्चात्तापानंतर, तेच. मी ते बोललो असतो की नाही? मला वाटते, बोललो असतो.

तेवढ्यात मनीषा दारात आली. नुकतीच ड्युटीवरून आली होती, अंगात खाकी तशीच. म्हणाली, “मामा, थांबा. मीच बोलते.” आणि काकांकडे वळून, “काका, चहा ज्याला आधी जाग येईल तो ठेवेल. मी पहाटे उठते, तर मी माझा ठेवीन, तुमचाही झाकून जाईन. पण गाडी मी सोडणार नाही. लग्नाआधी सांगते, म्हणजे नंतर कोणाला कोणाच्या नावानं बोलायला नको.”

मग काका मोठ्याने हसले. म्हणाले, “झालं! हिच्या गाडीत विनातिकीट बसायची सोय नाही!” आतल्या दारात उभी मुलाची आई पदराआड हसली. केशवने खांबाला टेकलेली पाठ सरळ केली आणि मुलीकडे असे पाहिले, की मी डोळे वळवले.

मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. आत कुठेतरी तोच डंख लागला. सर्वांदेखत पोरीने मला थांबवले, हा. म्हणजे जीपमधला तो माणूस माझ्यात अजून आहे. बदललेला नाही, म्हातारा झाला आहे एवढेच.

साखर वाटायला सुमन बाहेर आली. तिचा चेहरा कधी नव्हे इतका उजळला होता. वाटी घेऊन ती आधी माझ्याकडे आली आणि पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पोरगी मामावर गेली आहे. असंच बोलला होता हा माझ्यासाठी. भर बैठकीत.”

सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिले. खांबाशी केशव होता. सुमनच्या बैठकीला तो आमच्या अंगणात होता. त्याने माझा शब्दन्‌शब्द ऐकला होता. त्याने सुमनकडे पाहिले, मग माझ्याकडे. फार वेळ पाहिले.

मी हात जोडले, आणि साखर घेतली.